त्याला तिसरं लागलं तो दिवस

आई, आज सोमवार आहे. सकाळचे सव्वादहा वाजलेत आणि आतापर्यंत मी पुढच्या खोलीतल्या भिंतीवरच्या चिकटपट्ट्या नखाने काढत होतो. जोरात ओढल्या की रंगाचे पोपडे निघतात, म्हणून आधी टोक ओल्या फडक्याने भिजवायचं, थोडं थांबायचं आणि मग हळूच सोडवायचं. तीन-चार निघाल्या तेव्हा वाटलं, आता घाई कशाची आहे, आणि खाली बसून हे लिहायला घेतलं. काल तुझ्या नातवाचा दुसरा वाढदिवस झाला. घरातच केला. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. त्यामुळे माझं लग्न, माझी बायको, हा मुलगा, यातलं तुला काहीच माहीत नाही. आधी ते सांगतो.

मी दिघीच्या जेटीवर कामाला आहे. आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या लावून घ्यायच्या, हे माझं काम. कुठली गाडी कुठे, दोन गाड्यांत किती अंतर, कोणाचा दरवाजा उघडला पाहिजे, सगळं बघायचं आणि चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. लोक म्हणतात, मी फार वेळ लावतो. लागतो. आजवर माझ्या हातून कोणाच्या गाडीला चरा गेलेला नाही. बायको अलिबागला एका हॉस्पिटलात नर्स आहे. मुलगा नऊ महिन्यांचा असताना तिला ती नोकरी लागली. तिचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त, आणि तिथे बाळाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती तिकडे गेली आणि मुलगा माझ्याकडे राहिला. माझी पाळी असते तेव्हा शेजारच्या काकी त्याला बघतात. त्याच काकी, ज्या तुझ्यासोबत पडवीत सुपारी सोलायला बसायच्या. आता गुडघे दुखतात त्यांचे, पण तोंड तसंच आहे.

दोन वर्षांच्या मुलासोबत दिवस कसा जातो हे तुला सांगायला नको, पण बाप्यामाणसाचा कसा जातो ते सांगतो. तो आधी "नको" म्हणायला शिकला आणि मग बाकीचं. भात हवा का, नको. मग भात उचलून ठेवला की रडणार. वरण भातावर घातलेलं चालत नाही, वेगळ्या वाटीत हवं, आणि मग तो स्वतःच ते भातावर ओततो. चपला उलट्या पायात घालतो आणि सरळ करून दिल्या की परत काढतो. बोटीला "बोत" म्हणतो, आणि जेटीवर नेलं की ट्रकलाही बोतच म्हणतो. मी विहिरीवर मासेमारीचं जुनं जाळं ताणून तारेने बांधलं आहे. वाडीत नारळाखाली त्याला खेळू देत नाही. द्राक्षाचे चार तुकडे करतो. फुगा फुटला की सगळे तुकडे गोळा करून फरशीवर जुळवतो आणि फुगा पूर्ण होतोय का बघतो, कारण एखादा तुकडा त्याच्या तोंडात गेला असला तर कळणार कसं. काकी हसतात मला. म्हणतात, "आरं, तुझ्या आयशीनं तुला मुंग्यांच्या वारुळाशेजारी निजवून सुपाऱ्या वेचल्यान. जगलास ना?"

आता बायकोचा भाऊ अलिबागला नोकरीला लागला आणि सासूबाई त्याच्याकडे राहायला आल्या. म्हणजे मुलाला बघायला तिथे माणूस झालं. सोबत पाळणाघर आहे, जवळ चांगली शाळा आहे. दोन महिन्यांपूर्वी बायको फोनवर म्हणाली की वाढदिवस झाला की त्याला नेऊ या. मी बरं म्हणालो. मग तीच म्हणाली की रडवून, ओढून नेणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी तो आपण होऊन तिच्याकडे आला तर नेणार, नाहीतर दिवाळीपर्यंत माझ्याकडेच राहू दे. मी त्यालाही बरं म्हणालो. त्यानंतर हॉस्पिटलातली माणसं कमी झाली, तिला सलग ड्यूट्या लागल्या आणि कालपर्यंत तिला येताच आलं नाही. या वयात दोन महिने म्हणजे फार. त्याच्या लेखी बाई दिसली की ती काकी. फोनवर दिसणाऱ्या तिलाही तो काकीच म्हणायला लागला होता. तिने एकदाच दुरुस्त केलं, नंतर नाही.

आता केसांचं सांगतो. त्याचं जावळ काढलं नव्हतं. पहिल्या वर्षी राहिलं, दुसऱ्या वर्षी काढत नाहीत, म्हणून तिसरं लागल्यावर मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असं सासूबाईंनी ठरवलं होतं. जन्मापासूनचे केस, ते डोळ्यांवर यायचे. क्लिप लावली की काढून तोंडात घालायचा. गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. काकी म्हणाल्या, केस टोचतात डोळ्याला. शुक्रवारी दुपारी तो झोपला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि मी स्वयंपाकघरातली कात्री धुतली, पुसली आणि पुढचे केस भुवयांच्या वर कापले. सरळ कापायचे म्हणून कंगवा धरला होता. त्याने कूस बदलली आणि एका बाजूला तिरकं गेलं. ते सरळ करायला गेलो तर दुसरी बाजू लांब राहिली. शेवटी जे झालं ते बघून काकी म्हणाल्या, "ह्ये काय? उंदीर लागलावता का पोराला?" मग हळूच म्हणाल्या, "जावळ होतं रं ते."

मला जावळ माहीत होतं, आई. मला सगळं माहीत असतं. विहिरीवरच्या जाळ्याची गाठ मी रोज तपासतो. पण कात्री हातात घेतली तेव्हा डोळ्यात जाणारे केस एवढंच दिसत होतं. दोन दिवस थांबलो असतो तर तिसरं लागलं असतं. ते दुसऱ्या वर्षात कापले गेले, बापाच्या हातून, मामाची मांडी नाही, काही नाही. मला मुहूर्ताची भीती वाटली नाही. भीती ही वाटली की आता सासूबाई म्हणतील, याच्याकडे मूल ठेवण्यासारखं नाही. केस मी कागदाच्या पुडीत बांधून देवांच्या फळीवर ठेवले. मग विचार केला की औक्षणाला मुलग्याच्या डोक्यावर टोपी लागतेच. बाजारातून कापडी टोपी आणली, थोडी मोठी, भुवयांपर्यंत येणारी, आणि शनिवारभर त्याला ती घालायची सवय केली. दर वेळी तो ती काढून फेकायचा आणि मी परत घालायचो. संध्याकाळपर्यंत तो त्याचा खेळ झाला.

काल सकाळी बायको, सासूबाई आणि मेहुणा त्याच्या गाडीतून आले. बायको दारातच खाली बसली आणि तिने हात पुढे केले. तो माझ्या पायामागे गेला. तिने आणलेली लाल बस त्याने घेतली, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि बस घेऊन परत माझ्या पायामागे आला. सासूबाई म्हणाल्या, होईल सवय. बायको आत गेली, साडीचा पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच होती ती. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. ती जवळ बसली की तो उठायचा. तिने घास पुढे केला की "नको" म्हणून माझ्याकडे बघायचा, आणि तोच घास मी दिला की खायचा. मी त्याला तिच्याकडे ढकललं नाही आणि स्वतःकडे ओढलंही नाही. हे तुला खरं सांगतो. मी फुगे बांधले, पट्ट्या लावल्या, बोर्लीहून केक आणला, त्यावर बोट काढून घेतली होती. पाटीवर त्याचं नाव आणि "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" हे मी स्वतः लिहिलं, दोनदा तपासून. तू पर्यटकांसाठी पाटी लिहायला लावायचीस ना, "उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील". त्यात मी एकदा चूक केली आणि जेवायला आलेले लोक हसले. त्या दिवशी तू मोदकाचं सारण ढवळता ढवळता मला म्हणालीस, "आपण गरीब हाव ते दिसू दे. गबाळे हाव ते नको दिसाय." तेव्हापासून मी लिहिलेलं परत वाचतो. हेही वाचेन.

दुपारी सगळे पडले होते, तो माझ्या मांडीवर झोपला होता आणि मला तू सांगितलेली एक गोष्ट आठवली. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. पडवीत सुपाऱ्यांचा ढीग होता, तू सोलत होतीस, मी टरफलं गोणीत भरत होतो. तू सहज सांगितलंस की बाबांच्या आजारपणात त्यांना घेऊन तू मुंबईला राहिलीस आणि मला वर्षभर आजोळी ठेवलंस. मी या मुलाएवढाच होतो. परत आलीस तेव्हा मी तुझ्याकडे येईना. आजीच्या लुगड्यामागून बघायचो. "तीन दिस परकी होते मी तुला," असं म्हणालीस आणि पुढची सुपारी घेतलीस. मी विचारलं नाही की त्या तीन दिवसांत तू काय केलंस. स्वयंपाक केलास की नुसती बसून होतीस, रागावलीस का, रात्री कुठे झोपलीस. काल विचारावंसं वाटलं. बायको आत आडवी झाली होती, पण जागी होती. मला कळतं ती जागी असली की.

दुसरं असं आठवलं की मला त्या वर्षातलं काहीही आठवत नाही. आजीचं घर नाही, तिचा हात नाही, काहीच नाही. वर्षभर तिने मला भरवलं असेल, धुतलं असेल, ताप आला असेल तेव्हा जागली असेल. म्हणजे या मुलालाही ही दोन वर्षं आठवणार नाहीत. जाळं कोणी बांधलं, द्राक्षं कोणी चिरली, तो माझा कान मुठीत धरून झोपायचा, हे फक्त मला आणि काकींना माहीत राहील, आणि काकींना काल दुपारी स्वतःचा चष्मा सापडत नव्हता. हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं. मी थांबून बघितलं. वाटत नाही. कालही वाटलं नाही. त्याच्या डोक्याखाली माझा हात बधिर झाला होता, तेवढं जाणवत होतं.

संध्याकाळी औक्षण. पाटावर मी बसलो, मांडीवर तो, टोपी घालून. काकी दाराशी. तबकात निरांजन, अक्षता, अंगठी आणि सुपारी, सुपारी आपल्याच वाडीतली. बायकोने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि कपाळ सापडेना. तिने टोपी सहज वर सरकवली. केस उभे राहिले, एका बाजूला आखूड, एका बाजूला तिरपे. तिचं बोट तसंच हवेत होतं.

"हे कोणी केलं?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, मी. रांजणवाडी झाली होती, डोळ्यात जात होते.

त्या आवाज न चढवता बोलल्या. म्हणाल्या की दोन दिवसांनी तिसरं लागत होतं, मामा येणारच होता, एक फोन करता आला असता. "एवढी काळजी घेता म्हणता, जावईबापू. मग हे कसं नाही सुचलं?" मेहुण्याने वातावरण हलकं करायला बघितलं, म्हणाला, "भावोजी, मी चांदीची कात्री करायला टाकणार होतो. तुम्ही कोथिंबिरीचीच वापरलीत." काकी हसल्या. बायको हसली नाही. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि मग म्हणाली, "मीही कापले असते. व्हिडिओवर बघत होते, डोळा चोळत होता तो." सासूबाईंनी थोडा विचार केला आणि तोडगा सांगितला. आज तिसरं लागलं. मामा इथेच आहे. त्याच्या मांडीवर घेऊन एक बट आता काढायची, म्हणजे रीत झाली. बाकीचं नंतर न्हावी करील. कापायचं कोणी? "ज्यानं सुरू केलं त्यानंच. तीच कात्री आणा."

मी कात्री आणली. परत धुतली, पुसली. मेहुणा पाटावर बसला आणि त्याने मुलाला मांडीवर घेतलं. म्हणाला, "माझा कान सोडून काय ते कापा." बायको बाजूला गुडघ्यावर बसली, मुलाचे हात धरायला. शुक्रवारी तो झोपेत होता, त्यामुळे कात्री त्याने पाहिली नव्हती. आता पाहिली. मी कंगव्याने लांब राहिलेल्या बाजूची बट वेगळी केली. माझं लक्ष रेषेकडे होतं. या बाजूचे केस बोटभर कमी केले तर दोन्ही बाजू सारख्या होतील, एवढंच डोक्यात होतं. बट कापली गेली आणि त्याच क्षणी तो ताठ झाला, मग ओरडला. त्याने माझ्याकडे बघितलं, आई. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे बघतो तसं. मी कात्री लगेच मागे घेतली, नाव घेऊन हाक मारली, पण हात पुढे केला तो कात्रीचाच. त्याने अंग पिळलं, मामाच्या हातातून सुटला आणि जी समोर होती तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. पायांनी कंबर धरली. तोंड तिच्या मानेत खुपसलं. बायकोचे हात आधी तसेच हवेत राहिले. मग तिने त्याच्या पाठीवर ठेवले.

दाराशी काकी म्हणाल्या, "गेला."

मी कात्री वरच्या फळीवर ठेवली. थोड्या वेळाने विचारलं, बोत बघायला जायचं का. त्याने डोकं वर करून बघितलं आणि परत खाली ठेवलं. केक त्याने तिच्या कडेवरूनच कापला, तिच्याच हाताने खाल्ला, तिच्या ब्लाऊजला क्रीम पुसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढले, सगळ्यांचे नीट आले.

मग सामान भरलं. मी सासूबाईंना सांगत होतो, वरण वेगळ्या वाटीत, द्राक्षं चिरून, फुगे देऊ नका. त्या म्हणाल्या, "दोन वाढवलीत मी." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. स्वयंपाकघरात मी त्याची दुधाची बाटली विसळत होतो तेव्हा बायको आली. तो बाहेर मामाच्या गाडीचा भोंगा वाजवत होता. ती माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मुद्दाम केलंत ना तुम्ही? तो माझ्याकडे यावा म्हणून." मी बाटलीचा ब्रश फिरवत राहिलो. तिने ते हो समजून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की तो तिच्याकडे आला तो फक्त घाबरून. तो घाबरूनच आला होता. पण नंतर राहिला ना. राहिला तो तिच्याकडे.

शेवटच्या फेरीला मी मोटरसायकलने पुढे गेलो. सुट्टी होती, पण गाडी मीच लावून घेतली. अजून घ्या, घ्या, थोडं डावीकडे, बस. मेहुण्याला हँडब्रेक ओढायला सांगितला, मागच्या चाकाला ठोकळा लावला, पायाने दाबून बघितला. काचेतून तो दिसत होता. आईच्या मांडीवर झोपला होता, कानाला क्रीम होतं, कुंकू पुसून गालापर्यंत आलं होतं. सासूबाईंच्या हातात केसांची पुडी होती, शुक्रवारची आणि कालची एकत्र. खाडीत सोडायची होती. मी त्यांना वाऱ्याची बाजू सांगितली, नाहीतर केस उडून परत अंगावर येतात. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या की दर सुट्टीला येत जा, वाट बघेल तो. बायको काच खाली करून म्हणाली, "जेवून झोपा." मी जेटीवर उतरलो आणि बोटीची फळी वर उचलली गेली. दुसऱ्या पाळीतल्या माणसाने विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, घरचे.

घरी आलो. जेवलो. विहिरीवरचं जाळं तपासलं. मग आठवलं की आता तपासायची गरज नाही, तरी गाठ आवळली.

आता अकरा वाजून गेलेत. हे पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही. तुला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचो, आणि तुला लागेल असं काही असलं तर ते वाक्य गाळून पुढे जायचो. तुला ते कळायचं की नाही, माहीत नाही. तू असतीस तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे पुढचं मी नक्की गाळलं असतं. गेली दोन वर्षं मी रात्री तीन-तीनदा उठत होतो. काल मला वाटलं होतं, झोप येणारच नाही. पण दिवा बंद केला आणि लगेच झोप लागली. सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही. चांगली झोप लागली, आई.